ढगांवरचे पाय
मधुमेहानं माझ्या तळव्यांची जाणीव नेली, त्याला सहा वर्षं झाली; तेव्हापासून मी शिलाई मशीनपासून पलंगापर्यंत ढगांवरूनच चालतो. रोज संध्याकाळी बायको माझे पाय मांडीवर घेऊन तपासायची. ती नर्स. साथीच्या वॉर्डात ड्युटी लागल्यापासून मला संसर्ग नको म्हणून काचेच्या दारापलीकडे राहते. “पाय दाखवा,” आजही ती ओरडली. “पायांचंच विचारतेस! माणसाचं कधी विचारणार?” रुसूनच उताणा पडून मी तळवे काचेकडे केले. “अहो, टाचेत टाचणी रुतलीय!” मला पत्ताच नव्हता. वाळलेलं रक्त पाहून लहान मुलासारखा रडलो. ती सांगत गेली, तशी टाचणी काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. मग तिनं काचेवर तळहात ठेवला. मी दुसरा पाय तिथंच टेकवला. “कळतंय?” “हो,” डोळे मिटून मी म्हणालो, “साबणानं हात किती खरखरीत झालेत गं तुझे!”