पोस्टकार्डावरचा हत्ती

जाडजूड पुस्तकातली ती चार पानं मी पुन्हा उलटून पाहिली. माझ्या लहानपणी पेपरात रोज तीन चौकटींत येणारी जंगलातली चित्रकथा आता पहिल्यांदाच सलग पुस्तकात आली होती. तिच्यातला म्हातारा हत्ती खड्ड्यात पडतो, त्याचा पाय मोडतो आणि चौथ्या दिवशी तो मरतो.

पण माझा हत्ती तर उठला होता.

दहाव्या वर्षी पायाच्या दुखण्यानं मी सहा महिने मिरजेच्या इस्पितळात होतो. तिथं पेपर यायचा नाही, म्हणून माझी कुमुदताई बार्शीहून रोज त्या चौकटी पोस्टकार्डावर काढून पाठवायची. तिचा हत्ती डुकरासारखा दिसायचा. पण तो उठून उभा राहिल्याचं कार्ड आलं, त्याच दिवशी मी खाटेची दांडी धरून पहिल्यांदा उभा राहिलो.

मी ताईला फोन लावला. "ताई, तो हत्ती मेला होता गं."

ती म्हणाली, "तू प्रत्येक पत्रात विचारायचास, तो उठला का म्हणून. मी काय लिहायला हवं होतं?"

"आणि त्यानंतरची कार्डं?"

"त्यात माझ्या नाकी नऊ आले. रोजच्या चित्रात त्याला कुठंतरी कोंबायला लागायचं."

फोन ठेवून मी पेन्सिल शोधली. पुस्तकातल्या शेवटच्या चौकटीत, झाडाच्या मागं, एक हत्ती काढला. तो डुकरासारखाच दिसत होता, पण चारही पायांवर उभा होता.