हौश्याने धरलेली वाट

दुसरी मुलगीही गोजराने नाकारली.

"आता काहून?" दौलतरावांनी विचारले. आवाजात राग नव्हता.

"तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलंच नाही. हातातल्या पाटल्याच पाहत होती."

दौलतराव हसले. "तुह्या मनाले पटन तीच येईन या घरात. मी त्यात पडत नाही."

किन्हीराजा गावातल्या त्या घराला मूल नव्हते. लग्नाला चौदा वर्षे झाल्यावर गोजराने नवऱ्याच्या, दौलतरावांच्या, दुसऱ्या लग्नाला स्वतःच होकार दिला होता. अट एकच होती: मुलगी ती निवडेल. ज्या बाईबरोबर एका चुलीपुढे जन्म काढायचा, ती निदान आपल्या मनाने आणलेली असावी, एवढेच तिला हवे होते.

तिच्या मनावर गावाचाही भरवसा होता. मळ्यातली विहीर ओढ्याच्या अंगाला खोदा, असे तिनेच सांगितले होते आणि तिथे पाणी लागले होते. कुठली सोयरीक करावी, कुठली टाळावी, हे विचारायला बाया तिच्याकडे येत. नवऱ्याच्या बाबतीत मात्र तिने मनाला कधी काही विचारले नव्हते. तिथे विचारण्यासारखे काही आहे, असे तिला वाटलेच नव्हते.

मग एका सोयऱ्याने केनवडच्या बबनरावांची मुलगी सुचवली.

"केनवड?" दौलतराव म्हणाले. "त्या गावात माहा पाय कधी पडला नाही. तू आपली पंजाबले घेऊन जा. आन् हौश्याले जुंपा. वाट लांब हाये."

हौश्या हा घरचा लाडका बैल. दौलतराव दर आठवड्याला वाशीमच्या बाजाराला जात, ते त्यालाच जुंपलेल्या दमणीने, त्या हलक्या बैलगाडीने, आणि दुसऱ्या दिवशी परतत. तो गरीब होता, पण तऱ्हेवाईक. परक्याच्या हातची पेंड खात नसे, परक्याने पुढे केलेल्या पाण्याला तोंड लावत नसे.

पंजाबराव गोजराचा धाकटा भाऊ. वाटभर तो तिची थट्टा करत होता.

"बाई, अशी सवत पाह्याले निघालेली बाई म्या जलमात पाह्यली नाही."

"गप बस अन् समोर पाह्य."

केनवडच्या शिवेशी वाट फुटली. बबनरावांचा वाडा उजवीकडे, असे सोयऱ्याने सांगितले होते. पंजाबरावाने उजवा कासरा ओढला. हौश्याने मान हिसकली आणि डावी वाट धरली. जोडीचा बैल मुकाट्याने त्याच्यामागे वळला. दोन बोळ ओलांडून दमणी कडुनिंबाखालच्या एका लहानशा घरापुढे आली आणि थांबली. पंजाबरावाने चुचकारले, ओरडला, शेवटी चाबूकही उगारला. हौश्या हलला नाही.

"तहानला असन," गोजरा म्हणाली.

घुंगरांचा आवाज ऐकून एक मुलगी हसतच बाहेर आली. गाडीत बाईमाणूस पाहताच ती दारात थबकली आणि तिने झटकन पदर सावरला. मग आत जाऊन तिने पाण्याची बादली आणली. हौश्याने बादलीत तोंड घातले आणि ती रिकामी केली.

गोजरा पाहतच राहिली. तिच्या मनाने कौल दिला.

"नाव काय पोरी तुहं?"

"विजयमाला." मुलगी मातीकडे पाहत होती. पाटल्यांकडे नव्हे.

घरात विधवा आई आणि ही एकटी. गोजराने तिथेच गूळपाणी घेतले. बबनरावांच्या वाड्याकडे दमणी गेलीच नाही.

"बाई, हे काय आपल्याले सांगतलेलं घर नोयतं," परतताना पंजाबराव म्हणाला.

"म्हनूनच. इथं मले कोनं पाठवलं नाही. मुक्या जनावराले समजलं, ते माह्या मनाले समजनार नाही का?"

दौलतरावांना मात्र ते पटेना. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली. "बाप नाही, जमीन नाही. सोयरेधायरे काय म्हनतीन? बबनरावची पोरगी एकडाव पाहून तं घे."

"तुमीच म्हनलं होतं, माह्या मनाले पटन ती."

"म्हनलं होतं. पन बैल थांबला म्हनून कोनी सोयरीक करते काय?"

गोजरा दोन दिवस हटून बसली. जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दौलतरावांनी हात जोडले. "बरं माय, तू जिंकली. पुढं मले बोल लावजो नोको."

लग्न साधेच झाले. नवी नवरी उंबरठ्याशी आली, तेव्हा गोजराने स्वतः तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. आपल्या हातातल्या दोन पाटल्या काढून तिच्या हातांत घातल्या. विजयमाला पायांवर वाकली आणि पुष्कळ वेळ उठलीच नाही. तिचे डोळे भरलेले पाहून गोजराचेही भरले. आपले मन याही वेळी चुकले नाही, असे तिला वाटले.

दिवेलागणीला गोजराने पहिली भाकरी तव्यावरून उतरवली.

"हे हौश्याले चारून ये. भेवू नोको. परक्याले जवळ येऊ देत नाही तो, पन तुले ओळखते. एकडाव तुह्या हातचं पानी पेला ना."

विजयमाला भाकरी घेऊन गेली. गोठ्यात अंधार असेल, हे गोजराला मागून आठवले. ती कंदील घेऊन निघाली आणि कुडाशी आली.

आत हौश्याने मान लांब करून विजयमालाच्या खांद्यावर टेकवली होती. ती त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत हळू आवाजात म्हणत होती, "दमला होता ना रे बाबा? आता चुकल्या तुह्या दर आठवड्याच्या केनवडच्या चकरा."