तीन हिवाळे

"इथली वर्षं तिकडे पेन्शनला धरत नाहीत, मॅरिबेथ. सुट्टीत घरी जाऊन चार पैसे कमव, नाहीतर म्हातारपणी हात चोळत बसशील," नॉर्वेल म्हणाला होता. तेव्हा मॅरिबेथ खळखळून हसली होती. "अजून एक केस पिकला नाही माझा. म्हातारपणाचं म्हातारपणी बघू!"

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अरेकिपाच्या एका शाळेत दोघंही शिकवत; नॉर्वेलकडे गणित होतं. जानेवारीत, तिथल्या उन्हाळ्यात, सुट्टी लागली की बाकीचे अमेरिकन शिक्षक समुद्रावर पळायचे, आणि हा गडी अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात बसवायला. सगळे त्याला 'पाळणेवाला' म्हणून चिडवायचे. मॅरिबेथ सगळ्यांत जास्त.

खरं तर ती निर्धास्त होती. परदेशातल्या अमेरिकनांना कराचे कागद पाठवायला जूनपर्यंत मुदत असते. दर जूनमध्ये सगळे व्हर्नाकडे जमत. व्हर्ना इंग्रजीची सगळ्यांत जुनी बाई. ती सफरचंदाचा केक करी आणि सगळे हसत-खिदळत कागद भरत. कर बहुतेकांचा शून्यच निघे. "चला, सरकारदरबारी हजेरी लागली!" कुणीतरी म्हणे. हजेरी लागतेय म्हणजे पेन्शनही पिकतेय, असं मॅरिबेथने धरूनच टाकलं होतं.

नोव्हेंबरात व्हर्नाला सदुसष्टावं लागलं. त्या दुपारी तिने मॅरिबेथला बोलावून घेतलं. मॅरिबेथची छोटी मुलगी हॅटी तिच्या मांडीवर पेंगत होती. व्हर्नाने अमेरिकेतल्या पेन्शनच्या कचेरीला फोन लावला आणि सोललेल्या बटाट्यांशेजारी तो स्पीकरवर ठेवला.

"मी आत जाऊ का?" मॅरिबेथने विचारलं.

"बस गं. ते सरकारी इंग्रजी मला एकटीला कळायचं नाही."

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला. "मॅडम, पेन्शनला दहा वर्षांचं काम लागतं. तुमचं सात वर्षांचं आहे."

"अहो, पण मी दर वर्षी कागद भरलेत! एक वर्ष चुकवलेलं नाही."

"ते कराचे. पेन्शनचा हप्ता पगारातून कापला जातो. पेरूमधली शाळा तो कापत नाही."

"मग इथली माझी सगळी वर्षं?"

"ती आमच्याकडे नाहीत, मॅडम."

व्हर्ना फोनवर वाकून शांतपणे विचारत होती, "वर्षातले दोन-तीन महिनेच अमेरिकेत येऊन काम केलं तर?"

"पुरेशी कमाई झाली तर पूर्ण वर्ष धरलं जातं."

"जरा पुन्हा सांगता? मोठ्यानं."

आवाजाने पुन्हा सांगितलं. फोन ठेवल्यावर मॅरिबेथ रडायलाच लागली. पेरूच्या तुटपुंज्या पेन्शनीत व्हर्नाच्या खोलीचं भाडं तेवढं निघणार होतं. म्हातारपणी बहिणीजवळ व्हरमाँटला जायचं, हे तर ती कधीपासून बोलत होती.

"तुला कुणी सांगितलं कसं नाही गं?"

"आता कळलं ना? तीन हिवाळे काढायचे. नॉर्वेल जातो तिथल्या स्कीवाल्यांच्या हॉटेलात भांडी घासीन. हात मोडलेत का माझे?"

हात नव्हते मोडले. गुडघे गेले होते. हॅटीला कडेवर घेऊन जिना चढताना व्हर्ना कठडा धरायची, ते मॅरिबेथ रोज बघत होती.

जानेवारीत मॅरिबेथ व्हर्ना आणि नॉर्वेल दोघांना विमानतळावर सोडायला गेली. व्हर्ना हॅटीला विमानं दाखवायला काचेपाशी घेऊन गेली.

"बिचारीला माहीतच नव्हतं," मॅरिबेथ म्हणाली.

नॉर्वेलने हातातली बॅग खाली ठेवली. "तिला? अगं, मला पहिल्यांदा व्हरमाँटला धाडलं कुणी? तीही निघाली होती. तिकीट काढलं होतं. त्याच जानेवारीत तुझा नवरा निघून गेला आणि ही हॅटी दिवस भरायच्या आत जन्मली; व्हर्नाने तिकीट रद्द केलं. पुढच्या जानेवारीत पोरीची छाती भरली. गेल्या वर्षी म्हणाली, अजून लहान आहे रे ती."

"मग तो फोन?"

"माझं तू हसण्यावारी नेलंस. तिचंही नेलं असतंस. म्हणून तुझ्यासमोर कचेरीलाच बोलायला लावलं."

काचेपाशी हॅटी व्हर्नाच्या गळ्यात पडून हसत होती.

पुढच्या जानेवारीत मॅरिबेथही तिकडे कामाला जाणार आहे, हॅटीला घेऊन. पण हा हिवाळा अजून सरायचा आहे, आणि फोनवर व्हर्ना सगळं 'झकास' म्हणते. म्हणून मॅरिबेथचं तुम्हाला एकच सांगणं आहे. यंदा त्या बर्फाकडे कुणी गेलात, तर स्कीवाल्यांच्या हॉटेलात मागच्या दाराने स्वयंपाकघरात डोकवा. गुडघे दुखतात का, असं व्हर्नाला विचारू नका, नाही म्हणेल. नुसतं बघून कळवा, तिला बसायला काही दिलंय का.