मांजराचा वाटा

"ओव्हरटाइमला कोण थांबणार?" कारखान्यातल्या सुपरवायझरने विचारताच किशोरी सोडून बाकीच्या बायका मालवणच्या बसकडे निघाल्या. जास्तीच्या पैशांवर टॅक्सही जास्त कापतात, मग मरायचं कशाला? किशोरीच्या नवऱ्याचंही तेच मत. काल होडी लावून आला आणि तणतणला, "जास्ती राबतलंस, जास्ती टॅक्स भरतलंस. फायदो काय गो?" "मोठी सुरमय गावली तर मांजराकय मोठो वाटो मिळता," किशोरी म्हणाली. "म्हणान कोण सुरमय दर्यात सोडता?" टॅक्स कापूनही गेल्या महिन्यात हातात पैसे जास्तच आले होते, आणि त्याच्या होडीला इंजिन घ्यायचंच, हे तिचं ठरलं होतं. "मी थांबते," तिने सुपरवायझरला सांगितलं. पोटात कावळे ओरडत होते. पाण्याच्या बाटलीसाठी पिशवीत हात घातला, तर तिने न भरलेला दुसरा डबा लागला. आत भाकरी, आणि नवरा एरवी लिलावातच विकून येतो त्या सुरमईची मधली तुकडी.