तीनची जीप

शेवटच्या पाड्यावर न जाताच फॉर्म भरला असता, तर संजना सिस्टरचा तासाभराचा चढ वाचला असता, फाट्यावर तीनची जीप मिळाली असती आणि नाशिकला लेकीच्या वाढदिवसाला ती वेळेत पोचली असती. तपासायला तरी कोण येणार होतं?

तरीही बाई पोलिओच्या डोसांची निळी पेटी खांद्याला अडकवून चढली. देशातून पोलिओ गेला तो अशाच, कुणी न मोजलेल्या चढांमुळे. मन मात्र सगळी वाट जीपमध्येच बसून होतं.

पाड्यावर प्रत्येक दारावर डोस दिल्याची खडूची खूण आधीच होती. खाली आजची तारीख, अक्षर तिचंच. वीसही पोरांच्या करंगळीला शाई होती.

"काय इसरलं, सिस्टर?" म्हाताऱ्या कुसाबाईनं विचारलं. "मघाशीच तं समद्यांना पाजून गेल्या. चा टाकीत होते, तं म्हनल्या, नको, जीप चुकंल."

"मी? अहो, मी आत्ता येतेय!"

"लय चेष्टा करता."

वाट एकच होती आणि वाटेत तिला कुणीच भेटलं नव्हतं. तिनं पेटी उघडली. सकाळी स्वतः ठेवलेली वीस डोसांची कुपी रिकामी होती.

उंचावर रेंज होती. तिनं लेकीला फोन लावला.

"आई, कळलं गं, जीपमध्ये बसलीस. दोनदा काय सांगतेस?"

घड्याळात तीन वाजून गेले होते. पोरांना डोस मिळाले, लेकीला आई मिळणार होती, जीपही चुकली नव्हती. सगळ्यांचं भागून पाड्यावर उरली ती एकटी संजना.