नकार उभ्याने

"बाबा कोणाला म्हणतोस रे?" बांग ताएशिक कडाडले.

जमिनीला कपाळ टेकवलेला चानउ तसाच राहिला. नव्या वर्षाचा नमस्कार करायला आणि ताएशिकांच्या मुलीला, हेरिमला, मागणी घालायला तो पहिल्यांदाच कोरियातल्या आन्दोंग गावच्या या घरी आला होता. शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. मुलगा गुणी, पण उंची हेरिमच्या कानापर्यंत.

ताएशिक सहा फुटांच्या वर. त्यांचे वडील, आजोबा, सगळे ताडमाड. गावात घराण्याची ओळखच ती. गरम केलेल्या जमिनीवर ते सकाळपासून मांडी ठोकून बसले होते. रक्तदाबाची गोळी झाली होती, वर तांदळाच्या दारूचे दोन पेलेही.

"आमच्या घरात नकार उभ्याने देतात," ते म्हणाले. "ऊठ, माझ्या शेजारी उभा राहा. का देतोय ते तुझं तुलाच दिसेल."

आणि ते ताडकन उठले.

डोळ्यांपुढे अंधारी आली. तोंड उघडलं, पण नकाराआधी तेच खाली आले. चानउ झेपावला आणि गादीसारखा त्यांच्याखाली सापडला. मग कसाबसा बाहेर निघून त्याने त्यांचे दोन्ही पाय उचलून धरले.

"अगं बाई, गेले की काय!" त्यांची बायको सुननाम स्वयंपाकघरातून धावली.

"नाही आई, रक्त तेवढं पायांत गेलंय. माणूस उठला की ते खाली उतरतं. दाब घसरला की मानेतल्या नसेला कळतं, ती मेंदूला कळवते. मग हृदय पळायला लागतं, नसा आवळतात. एरवी हे आपल्या नकळत होतं. पण ही गरम जमीन, दारू, त्यात गोळी. नसा सैल पडल्यात. शिवाय..." तो घुटमळला.

"शिवाय काय?" जमिनीवरून क्षीण आवाज आला.

"उंच माणसाच्या रक्ताला चढण जास्त पडते."

दाराशी उभ्या हेरिमने हसू लपवायला तोंडावर बाही धरली. ताएशिक लालबुंद झाले. पाय सोडवून घेऊन पुन्हा ताडकन उठले, आणि पुन्हा तितक्याच झटकन आडवे झाले.

या वेळी चानउने त्यांचे पाय सरळ आपल्या खांद्यांवर घेतले. हळूहळू चेहऱ्यावर रंग परतला.

सुननाम कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिसऱ्यांदा पडायचंय? काय तो नकार झोपूनच द्या आता. पोराला कुठवर ताटकळत ठेवाल?"

ताएशिकनी पडल्या पडल्या खालून वर चानउकडे नीट बघितलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "इथून बघितलं तर पोरगा चांगला उंच दिसतोय."