खुर्चीतला पेशंट

“झोप लागते का?” ज्ञानदाने विचारलं.

“लागते. मग उठावंसं वाटत नाही,” समोरच्या खुर्चीतला प्रितेश फरशीकडे बघत म्हणाला.

ज्ञानदाच्या डोक्यात तिडीक गेली. मनोविकार विभागात तिसऱ्या वर्षाला असलेली ही डॉक्टर मंडळी दर रविवारी निधीच्या उमेळ्यातल्या फ्लॅटवर जमत. एकाने पेशंट व्हायचं, एकाने त्याला तपासायचं, बाकीच्यांनी गुण द्यायचे. मागच्या वेळचा पेशंट पुढचा पेशंट गुपचूप ठरवायचा. खुर्चीत बसेल तो पेशंट, आणि मध्येच भूमिका सोडायची नाही. हे गुण सोमवारी विभागप्रमुख मॅडमकडे जात. ज्ञानदा दोनदा घसरली होती. आज घसरली तर मॅडम तिला परीक्षेलाच बसू देणार नव्हत्या.

आणि नेमका आजच हा मठ्ठ पेशंट नशिबी आला होता. मागची पेशंट तेजस्वी ड्यूटीवर होती, भूपेश नेहमीसारखा उशीर करत होता. एरवी वॉर्डभर नकला करणारा, येताना वटारच्या वाडीतली केळी आणणारा प्रितेश आज चुरगळलेल्या शर्टात, रिकाम्या हाताने आला आणि थेट खुर्चीत बसला.

“काम काय करता?”

“डॉक्टर आहे.”

घ्या. तेजस्वीने मिठागरावरची बाई किती झोकात उभी केली होती. या पठ्ठ्याने पात्रसुद्धा तयार केलं नव्हतं.

“घरी कोणाशी बोललात?”

“आईशी. ती म्हणते, तूच तर मनाचा डॉक्टर.”

“आणि मित्रांशी?”

“प्रयत्न करतोय.”

निधीला हसू फुटलं. ज्ञानदाने चिडचिड गिळली, आवाज मऊ ठेवला आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही न विसरता विचारलं.

प्रितेशने मान वर केली.

“येतात.”

“वेळ संपली,” निधी म्हणाली. “दहापैकी आठ. पेशंट अगदीच ढिला होता, पण तू सांभाळलंस.”

ज्ञानदाचा जीव भांड्यात पडला. “पुढच्या वेळी जरा तयारी करून ये रे,” ती प्रितेशला म्हणाली. “खरा पेशंट असा बोलतो का?”

चहा आला तरी तो खुर्चीतून उठला नाही.

बेल वाजली. दारात भूपेश उभा होता. कपाळभर कुंकू, गळ्यात माळा, अंगावर आजोबांची बंडी.

“सॉरी, जूचंद्रला ट्रॅफिकमध्ये अडकलो,” तो धापा टाकत म्हणाला. “चला, सुरू करूया. आजचा पेशंट मी आहे.”